तेलाचा लाल दिवा

दसऱ्यापासून दत्ताजीरावांच्या जुन्या फियाटमधला तेलाचा लाल दिवा विझेना. तेल पुरेसं होतं, इंजिनही सुरळीत चालत होतं. तरी गोरव्याच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीने इंजिन खोलायची भाषा केली आणि दत्ताजीराव गाडी तशीच घरी घेऊन आले.

"पूजेत तूच पाणी शिंपडलंस!" ते बायकोवर खेकसले.

इंदिराबाईंनी बॉनेट उघडायला लावलं. पूजेत तलवारीबरोबर इंजिनालाही घातलेली झेंडूची माळ तिथेच वाळत होती आणि तिची तार तेलाच्या दिव्याच्या स्विचला टेकली होती. दत्ताजीरावांनी तार काढली. इंजिन सुरू होताच दिवा विझला. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"दोरा जळतो म्हणून माळेला तार कुणी बांधली होती?" इंदिराबाईंनी विचारलं.

दत्ताजीरावांनी गाडीचं दार उघडून धरलं. "बसा बाईसाहेब. खंडेराव मार्केटला जायचंय ना?"