गिअरबॉक्सचं सलाईन

आमच्या ह्यांना गाड्यांमधलं सगळं कळतं, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. आयुष्यभर बस चालवली ना! मी आयुष्यभर हॉस्पिटलात सिस्टर होते, त्यामुळे माणसांमधलं सगळं मला कळतं, असं माझं मत. असे दोन शहाणे एका छपराखाली राहतात, आणि ते छप्परही चाकांवर.

म्हणजे आमची मोटारहोम. पुढे ड्रायव्हरची आणि माझी सीट, मधे ओटा, सिंक, घडीचं टेबल आणि मागे पडद्याआड पलंग. मी तिला म्हैस म्हणते, कारण चढ आला की फुसफुसते. यांना हार्ट अटॅक येऊन गेल्यावर हे घरात खुर्ची टाकून नुसते समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. जेवायला हाक मारली तर उठायचे, नाहीतर भिंत. मग एक दिवस ही म्हैस दारात आणली, आणि दुसऱ्या सकाळी दाढी करताना यांची शीळ ऐकू आली. मी बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून रडले. तेव्हापासून म्हैस कितीही फुसफुसली तरी मी तिला काढू देणार नाही, हे माझ्या मनात पक्कं होतं.

पण आमच्या लेकीच्या मनात भलतंच. तसं तिला चांगलं झकास नाव आहे, पण लहानपणी गोलमटोल होती म्हणून गोटी, ती अजून गोटीच. तिचं म्हणणं, आजारी बाप आणि हट्टी आई रानोमाळ भटकणार, कुठेतरी गाडी बंद पडणार आणि तिथेच बाबांच्या छातीत दुखणार. भांडून भांडून घसे बसले, तेव्हा तोडगा निघाला: ती आठवडाभर सुट्टी काढून आमच्याबरोबर फिरणार. तेवढ्या दिवसांत गाडी रस्त्यात एकदा जरी बिघडली, तर किल्ली तिच्याकडे, म्हैस विकायची आणि आम्ही गपगुमान तिच्या शेजारी राहायला जायचं. आम्ही दोघंही तोंडभर हो म्हणालो. हो म्हणायला काय जातंय!

आठवडा सरत आला होता. दुपारचं जेवण करून गोटी मागे पलंगावर झोपली होती. चढाचा रस्ता लागला आणि एकदम इंजिन ओरडायला लागलं. नुसतं ओरडतंय, आणि गाडी मात्र चालत जाणाऱ्या माणसापेक्षा हळू. ह्यांनी पाय दाबला, ते आणखी ओरडलं. मग म्हैस दोनदा थरथरली आणि रस्त्याच्या कडेला जरा रुंद जागा होती तिथे कशीबशी टेकली.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग दोघांनी एकदम मागे, पडद्याकडे.

"झोपलीय," हे कुजबुजले.

"इंजिन बंद करू नका," मी म्हटलं. "लहानपणी पाळणा थांबला की उठायची. आता इंजिन थांबलं की उठेल."

"मला माहीत नाही का? माझीही मुलगी आहे ती."

"मग इतकं ठाऊक असणाऱ्या ड्रायव्हरसाहेबांना गाडीला काय झालंय तेही ठाऊक असेल."

"गिअर सुटतोय," ते म्हणाले. "इंजिन फिरतंय, पण ताकद चाकांपर्यंत पोचत नाही."

"हे कधीपासून?"

ह्यांनी समोरची काच पुसायला घेतली. पस्तीस वर्षं मी पेशंटना हा एकच प्रश्न विचारला आहे, आणि खरं उत्तर पहिल्या फटक्यात कुणीच देत नाही. मी हाताची घडी घालून थांबले.

"काल संध्याकाळी जरा थरथरली होती," ते शेवटी म्हणाले.

"काल! आणि मला आज सांगताय?"

"अगं हळू! तुला उगाच काळजी नको म्हणून."

धन्य आहे. काळजी नको म्हणून कालची काळजी साठवून आज व्याजासकट माझ्या पुढ्यात! मी त्यांना आणखी दोन शब्द सुनावणार होते, पण कुजबुजत भांडण्यात मजा नसते, सगळा जोर वाया जातो.

दोन सीटांच्या मधे इंजिनावरचं झाकण आहे. ते आम्ही आवाज न करता उचललं. आतून गरम वाफ तोंडावर आली. गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी एका लांब नळीत असते. ती ओढून बघितली की तेल किती आहे ते कळतं.

"आधी तेल बघा," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण लगेच पुढे जोडलं, "तसं कमी नसणार."

नेमकं त्याच वेळी हे म्हणाले, "तेल काही कमी नसणार."

इंजिन घुरघुरत होतं. आम्ही दोघं गुडघ्यांवर, झाकणाच्या दोन बाजूंना.

"तुम्हांला काय माहीत?" मी विचारलं.

"तुला काय माहीत?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मागच्या वेळी गॅरेजवाल्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हा गिअरबॉक्स थोडं तेल पितो, काकांच्या लक्षात राहायचं नाही, तुम्हीच अधूनमधून घालत जा. मी यांना बोलले नाही. म्हटलं, गाडी तेल पिते ऐकलं की हे पुन्हा भिंतीकडे बघत बसतील. हे सकाळी चालायला गेले की मी हळूच थोडं तेल ओतायची. आणि आता कळलं की त्या गॅरेजवाल्यानं यांनाही बाजूला घेतलं होतं! काकूंना यातलं काय कळणार, तुम्हीच बघा, असं सांगून. मेल्याला दोन जिभा! आणि हे महाशय मी अंघोळीला गेले की ओतायचे, मी घाबरू नये म्हणून.

"तू ओतायचीस?" ते म्हणाले.

"तुम्ही ओतायचात?"

पट्टी बाहेर काढली. वरच्या खुणेच्या कितीतरी वर तेल, आणि नुसता फेस. लाल फेस, हे तेल असतंच लाल. डोळ्यांत तेल घालून जपावं म्हणतात. आम्ही ते गिअरबॉक्समध्येच घातलं होतं.

मला हसू फुटलं आणि ते दाबताना माझे खांदे हलायला लागले. वॉर्डात नव्या मुलींना मी हेच शिकवायची. दिवसपाळीची सिस्टर सलाईन लावते, रात्रपाळीची येते, विचारत नाही, तीही लावते. दोघी मायेनंच करतात हो, पण पेशंटच्या छातीत पाणी भरतं आणि तो धापा टाकायला लागतो. आमची म्हैस तशीच धापा टाकत होती. तेल जास्त झालं, आत घुसळून त्याचा फेस झाला, आणि फेसात कसली आलीय ताकद?

मी पट्टीचा वास घेतला. "जळका वास नाही. म्हणजे आतलं काही जळलेलं नाही."

"मग जास्तीचं काढलं की झालं," हे म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. लगेच पडला. "पण काढायचं कशानं? खालचा बोल्ट उघडायला रस्त्यावर झोपावं लागेल."

"तुम्ही रस्त्यावर झोपणार नाही. सिस्टर कशाला आहे?"

माझ्या औषधांच्या पेटीत नाकातून पोटात घालायची एक लांब नळी आहे आणि जाडजूड सिरिंजही. निवृत्त झाले म्हणून काय झालं, हत्यारं टाकून देते की काय! इंजिन बंद करणं आता भाग होतं. बंद केलं आणि श्वास रोखून मागे कान दिला. काही हालचाल नाही. फेस खाली बसू दिला, मग पट्टीच्या भोकातून नळी आत सरकवली. हे जमिनीवर आडवे होऊन, गाल फरशीला टेकवून बॅटरी धरत होते. मी सिरिंज ओढायची, भरली की पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडायची. छान चाललं होतं. हे खालून म्हणाले, "हात काय हलका आहे गं तुझा अजून." मी लाजले, खोटं कशाला बोलू.

आणि पडदा सरकला.

गोटीनं काय बघितलं असेल ते मला नंतर सुचलं. बाप जमिनीवर पडलेला, तोंड फरशीला, आई त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसलेली, हातात लालभडक भरलेली सिरिंज.

"बाबा!"

अशी किंकाळी मी उभ्या नोकरीत ऐकली नव्हती. ती धावत आली, ओट्याला आपटली, आणि बापाच्या अंगावर जवळजवळ पडलीच. हे दचकून उठायला गेले आणि त्यांचं डोकं तिच्या हनुवटीवर आपटलं.

"अगं मी ठीक आहे! तेल आहे ते! तेल!"

ती खाली बसली. त्यांच्या शर्टाची बाही घट्ट धरून रडायला लागली. आधी मला वाटलं हनुवटीला लागलं.

"गाडी बंद पडली ना?" ती म्हणाली.

"बंद अशी नाही," हे म्हणाले. "आम्हीच जरा..."

"मला उठवायचं नाही म्हणून गुपचूप करत होतात. ना? तेव्हाही असंच केलंत." ती माझ्याकडे वळली. "छातीत दुखलं तेव्हा मला फोन कधी केलास आई? हॉस्पिटलातून घरी सोडताना! सगळं झाल्यावर! 'तुला उगाच काळजी नको.' मला गाडीची भीती नाही गं वाटत. तुम्ही मेलात तरी मला दोन दिवसांनी कळेल, याची वाटते."

 मी सिरिंज खाली ठेवली. यांनी तिचा हात हातात घेतला. तेलानं लाल झालेला हात, पण तिनं सोडवला नाही.

मग आम्ही तिला सगळं सांगितलं. दोघांनी तेल ओतल्याचं ऐकून तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "एकमेकांपासूनसुद्धा? कठीण आहात तुम्ही." आणि रडता रडता हसायला लागली. उरलेलं तेल तिनंच ओढलं. हाताला जरा शिस्त कमी आहे, पण येईल. यांनी इंजिन सुरू केलं, थोडं गरम होऊ दिलं, आणि पट्टी पुन्हा बघितली. तेल बरोबर दोन खुणांच्या मधे, स्वच्छ, फेस नाही.

"किल्ली," गोटी म्हणाली.

यांनी किल्ली तशीच लावून ठेवली आणि सीट सोडली.  ठरलं म्हणजे ठरलं, पण म्हैस हातची गेली आणि आता पुन्हा ती भिंत, एवढंच मला दिसायला लागलं.

गोटी ड्रायव्हरच्या सीटवर बसली. "गाडी ठेवा," ती म्हणाली, समोर बघत. "पण इथून पुढे लपवालपवी बंद. गुडघा दुखला, गाडी शिंकली, तुमचं भांडण झालं, काहीही. त्याच दिवशी मला सांगायचं. कबूल?"

"कबूल!" आम्ही दोघं एकदम. यावेळी अगदी मनापासून.

गिअर टाकला. म्हशीनं एक सुस्कारा टाकला आणि चढाला लागली. थरथर नाही, ओरडा नाही. हे मधल्या झाकणावर बसून शीळ घालायला लागले.

"माझा डावा गुडघा सकाळपासून दुखतोय," ते मधेच म्हणाले.

"मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं," मी म्हटलं. "म्हणून मी तुमचं निम्मंच ऐकते."

गोटी हसली नाही. तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

"मी सुट्टी काढून नाही आले," ती म्हणाली. "नोकरी गेली माझी. कधीच गेली. तुम्हांला उगाच काळजी नको म्हणून बोलले नाही. त्या घरात एकटीला बसवत नाहीये मला, आई."

शीळ थांबली. माझ्या जिभेवर चांगलं लांबलचक भाषण आलं होतं, ते मी गिळलं. शेवटी आमचीच मुलगी.

"गाडी बाजूला घे," हे म्हणाले.

"का? परत काही झालं?"

"नाही. तुला जवळ घ्यायचंय. आणि चालत्या गाडीत ड्रायव्हरला मिठी मारायची नसते."

तिनं इंडिकेटर दिला, आरशात बघितलं आणि गाडी कडेला घेतली.