लोळ्याला मी सोडले

“गो अक्षदा, ह्यो मासो असो काय मरतुकडो? एका फटक्यात झोपतलो!” मर्लिन हसत सुटली.

“झोपणा नाय तो. अर्धो जीव गेलो तरी उभो रवता. तुझो वाघ दोनदा गुरगुरलो की दमता,” अक्षदाने उत्तर दिले.

मी शेजारीच बसून ऐकत होतो. मर्लिन ही कॉस्मे मास्तरांची कन्या; अक्षदा माझी. दोघींचे वय तेरा. दोघींच्या हातांत एकसारखी खेळाची यंत्रे होती. अक्षदाचे यंत्र तिच्या मामाने मस्कतहून आणले होते. त्या खेळात नाना तऱ्हेचे प्राणी पकडावयाचे, वाढवावयाचे आणि झुंजवावयाचे. अक्षदाने मात्र सर्वांहून अधिक जपला होता तो खाडीकाठच्या खाजणातल्या निवट्यासारखा, तोंड वासून चिखलात लोळणारा एक मासा. त्याचे नाव तिने लोळ्या ठेविले होते. रविवारी त्याची मर्लिनच्या वाघाशी झुंज ठरली.

सत्य सांगावयाचे तर मला त्या लोळ्याची लाज वाटे. मी सातवी नापास खलाशी. माझे अर्जसुद्धा कॉस्मे मास्तर लिहून देत. त्यांच्या मुलीपुढे माझ्या मुलीने असले ध्यान घेऊन उभे राहू नये, असे मला वाटत असे.

शुक्रवारी अक्षदा तापाने निजली होती. “बाबा, होडयेत घेवन जावा. कोण नवो गावलो तर धरून ठेवा,” असे म्हणून तिने यंत्र मजकडे सोपविले. जाळे सोडून वाट पाहत असता यंत्राच्या पडद्यावर मला अग्नी ओकणारा एक गरुड गवसला. परंतु सोबत सहाच प्राणी ठेवता येत. कोणाला सोडू, असे यंत्राने इंग्रजीत विचारले. तेवढे मला वाचता आले. बिनकामाचा मासा आम्ही जाळ्यातून काढून पाण्यात टाकतो. तो समुद्रातच असतो, पुन्हा गवसतो. त्याच समजुतीने मी लोळ्याला सोडले.

संध्याकाळी अक्षदा बराच वेळ बटणे दाबीत राहिली.

“बाबा, लोळ्या खंय?”

“सोडलंय गो. गरुड बघ केवढो गावलो! लोळ्याक उद्या परत धरू.”

“दुसरो गावतलो. तो नाय गावाचो. दोन वर्सां वाढवलेलंय मी तेका.”

शनिवारी मी तिच्याजवळ बसून तसलेच चार मासे पकडले. तिने प्रत्येकाकडे नीट पाहिले व “बरे आसत” एवढेच म्हटले.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून मर्लिन आली. “खंय तुझो मरतुकडो?”

मी ओटीवर जाळे सांधीत होतो. आता माझे नाव निघणार, म्हणून मान खाली घातली.

“मियाच सोडलंय तेका,” अक्षदा म्हणाली.

“बरां केलंस. कामाचो नव्हतोच तो.”

“कामाचो होतो गो. आमच्या बाबांकव आवडायचो. होय मां, बाबा?”

मर्लिनने मजकडे पाहिले.

“होय,” मी म्हणालो. सुतात गुंता नव्हता; तरीही तो सोडवीत मी बराच वेळ बसून राहिलो.