कात्रीवरचा आळ

मी एक जुनी कात्री आहे. हे वाचताच तुमचा हात आपसूक केसांकडे गेला असेल, तर मित्रांनो, मला त्याची सवय आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाची दोन पाती एका स्क्रूने जोडली आणि आम्हाला सांगितलं, आता जन्मभर एकत्र राहा. आमचं पटतं का, हे कुणी विचारलं नाही. तिथून मी आत्याच्या पार्लरमध्ये आले. ते माझे वैभवाचे दिवस. गिऱ्हाईक बायका म्हणायच्या, "काय हलकी चालते हो." आत्या समजायची, हात तिचा. मी समजायचे, पाती माझी. मग दुकानात नवी, निळ्या मुठीची कात्री आली आणि आत्याने मला भावाच्या घरी पोचवलं. तिथे आरशाशेजारच्या खिळ्यावर माझी नेमणूक झाली. काम काहीच नाही. नुसतं बघत राहायचं.

या घरात दोनच माणसं: बाबा आणि त्यांची मुलगी. मुलीचे केस कुरळे, स्प्रिंगसारखे, म्हणून आत्या तिला झिपरी म्हणते. लहानपणी झिपरी म्हणायची, "थोडेसेच काप." आत्याही "थोडेसेच" म्हणत म्हणत कानापर्यंत यायची. म्हणजे आत्याच्या नावावर जुना गुन्हा होता. हे लक्षात ठेवा.

शाळा संपली आणि झिपरीने जाहीर केलं, केस कंबरेपर्यंत वाढवणार. घराचं बाथरूम प्रयोगशाळा झालं. दर रविवारी आत्याने येऊन तेल लावायचं. मग सौम्य शाम्पू, कंडिशनर फक्त टोकांना. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती कापडात गुंडाळायचं. रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर सरकत गुंता सोडवायचा. झोपताना सैल वेणी. फळीवर इतक्या बाटल्या जमल्या की बाबांचा साबण बेघर झाला. मला त्या बाटल्यांचा पहिल्यापासून संशय होता. 'केसगळती थांबवते' असं लिहिलेली बाटली घरात येईपर्यंत या घरात केसगळतीचा विषयसुद्धा निघाला नव्हता.

केसांची लांबी मोजायला झिपरीने बाबांकडून एका टीशर्टच्या पाठीवर आडव्या रेघा मारून घेतल्या. पहिल्यांदा ती न्हाऊन आल्या आल्या टीशर्ट घालून उभी राहिली. पाठ भिजली होती, पण उत्साहात कोण बघतो.

"तिसऱ्या रेघेला टेकले," बाबा म्हणाले.

पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी तिने परत पाठ केली. बाबांनी चष्मा लावला, काढला, पुसून लावला.

"दुसरी रेघ."

"नीट बघा ना."

"बाळा, ती रेघ आहे. माझं मत नाही ते."

झिपरी हळूहळू माझ्याकडे वळली. आत्या तेल लावताना तिला मांडीवर झोप लागते, हे तिला त्या क्षणी आठवलं असावं. मला खिळ्यावरून काढून खणात टाकण्यात आलं. तो खण नीट बंद होत नाही, म्हणून पुढचं मला फटीतून दिसलं. फटीवर तिने थुंकी लावून स्वतःचा एक केस चिकटवला. खण उघडला की केस सुटणार. शेजारी पडलेल्या नेलकटरने तेवढ्यात माझ्यापासून अंतर ठेवायला सुरुवात केली.

शनिवारी सकाळी खण उघडला तो बाबांनी. इकडेतिकडे पाहून त्यांनी मला नाकपुडीशी नेलं. पुढचं मी सांगणार नाही, आम्हा दोघांच्या अब्रूचा प्रश्न आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, एवढंच सांगते.

रविवारी आत्या आली. माझ्या खणाजवळून आत जाऊन वाटीत तेल कोमट करून आणलं; तेवढ्यात झिपरीने खणाची फट तपासली आणि मग तिच्या पुढ्यात बसली.

"आत्या, तू माझे केस कापतेस का?"

"धंदाच आहे माझा."

"तसं नाही. मी झोपल्यावर."

आत्याचा हात थांबला. "तू झोपलीस की घोरतेस गं. त्या हादऱ्यात कात्री कशी धरायची?"

झिपरी हसली नाही. "खणावर मी केस लावला होता. तो सुटलाय."

बाबा पेपर वाचत होते. ते आणखी मन लावून वाचू लागले.

आत्याने कापडाला हात पुसले. "पुढच्या रविवारपासून दुकान उघडं ठेवीन म्हणते," ती म्हणाली आणि चपला घालून गेली. तेलाची वाटी तशीच राहिली.

त्यानंतर आठवडाभर झिपरी येता-जाता माझ्या खणाकडे रोखून बघायची. मलासुद्धा माझा संशय येऊ लागला. झोपेत चालायची सवय तर नाही ना आपल्याला?

पुढच्या रविवारी झिपरीने स्वतःच तेल लावलं. निम्मं कपाळावर उतरलं. न्हाऊन रेघांचा टीशर्ट घालून ती आरशापुढे कंगवा घेऊन बसली, तेव्हा बाबा मागून जाता जाता थांबले.

"अगं, चौथ्या रेघेला आलेत की."

"आठवड्यात?"

ती हलली नाही. बाबांनी खुर्ची ओढली. पंख्याखाली केस वाळू लागले, वळू लागले आणि एकेक बट वर चढू लागली.

"साडेतीन," बाबा म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तीन." शेवटी दुसऱ्या रेघेवर बोट टेकवून घसा खाकरला.

"ओले असताना मोजले होते आपण," झिपरी म्हणाली. "आणि नंतर वाळलेले."

"हो. आणि तो खणावरचा केस... मीच तो. नाकाचं काम होतं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"बहिणीसमोर नाकाचं काय सांगायचं," बाबा म्हणाले. यावर झिपरी त्यांच्याकडे जितका वेळ पाहत राहिली, तितका वेळ मी कुणालाही कुणाकडे पाहताना पाहिलेलं नाही.

तिने मला रुमालात गुंडाळलं आणि तडक पार्लर गाठलं. आत्या फरशी झाडत होती.

"टोकं दुभंगलीत," झिपरी म्हणाली. "कापून देशील?"

आत्याने रुमाल उघडून मला बोटांत फिरवलं, एक बट धरून पाहिली. "हिने केस काय, लोणीसुद्धा कापलं नसतं. धार आहे कुठे हिला?"

अशी माझी निर्दोष सुटका झाली. निकाल अपमानास्पद होता, पण निकाल होता.

आत्याने मला दगडावर घासलं, स्क्रूत तेलाचा थेंब सोडला. मग खुर्ची आरशासमोर ओढली. "बस. माझ्या हातावर नजर ठेव."

झिपरीने खुर्ची फिरवली आणि आरशाकडे पाठ करून बसली.

"अगं, दिसायचं नाही तुला."

"चुकले मी, आत्या. काप."

आत्याने रुमाल तिच्या खांद्यांवर पसरला. मग अंगठा माझ्या मुठीत घातला. चिमूटभर टोकं खाली पडली, त्याहून एक केस जास्त नाही. मी मोजत नव्हते, पण माझं लक्ष होतं.

तर मित्रांनो, कात्रीला वेळच्या वेळी धार लावा आणि तेल द्या. केसांना घाई करू नका. आणि आपल्या माणसाचा संशय आलाच, तर आधी केस वाळू द्या. बाटल्यांचा संशय मात्र खुशाल घ्या.