दोरा लाल कशानं झाला?

संध्याकाळी पणतीचं बारसं होतं आणि प्रमोदिनीबाईंच्या मशीनवर कुंची अर्धीच झाली होती. चार टाके पडले की दोरा तटकन तुटायचा.

"आजी, पाच वाजेपर्यंत झाली नाही तर इतवारीच्या बाजारातून आणलेलीच घालीन हं," बाळंतीण नात भूमिका आतून म्हणाली.

त्या विकतच्या कुंचीची जरीची किनार प्रमोदिनीबाईंनी गालावर घासून पाहिली होती. चांगली टोचत होती. या घरातल्या प्रत्येक लेकराची पहिली कुंची त्यांच्या मऊ लुगड्याची, याच काळ्या पायमशीनवर शिवलेली. सगळे सक्करदऱ्याच्या या घरात राहायला आले तेव्हा कपाट मागून आलं, मशीन आधी.

त्यांनी सुई बदलली, नवं रीळ लावलं, तेल सोडलं. चाक उलटं फिरू नये म्हणून हात धरून हळूच पाय मारला. तट्!

"वहिनी, भंगारवाल्याले बोलावू का?" घुगऱ्यांचे हरभरे निवडता निवडता नणंद कौसल्याबाई म्हणाल्या. "म्हातारी झाली ते मशीन."

"तुमच्याहून लहान हाये."

पण तुटलेला दोरा हातात घेतला तर पांढरा दोरा लाल! बोटाला सुई टोचली की काय? नाही. त्या दोऱ्यामागं वर वर गेल्या. दोरा ज्या दोन चकत्यांमध्ये दाबून धरला जातो, तिथून रंग लागत होता. कापडावरचा दाब उचलून, स्क्रू सैल करून त्यांनी चकत्यांमधून चिंधी ओढली. टुणकन एक तांदळाची कणी बाहेर पडली. कुंकवात माखलेली, धारदार.

"कौसल्याबाई, दसऱ्याले मशीनची पूजा कोणं केली होती?"

"मीच. तुमचे गुडघे दुखून राहिले होते ना."

"अन् अक्षता?"

"तिचं वय पाहून जरा जास्तच टाकल्या," कौसल्याबाई पुटपुटल्या.

"देवाले दोन दाणे, अन् हिले मूठभर!"

दोघी इतक्या हसल्या की आत बाळ दचकून उठलं. मग प्रमोदिनीबाईंनी चकत्या पुसल्या, दोरा ओवला आणि मशीन जे निघालं ते कुंचीचा शेवटचा बंद शिवूनच थांबलं.

संध्याकाळी बाळाची आत्या नूपुर नाव सांगायला पाळण्यात वाकली आणि तशीच वाकून राहिली. "आजी, हिचा कान कुठं आहे?"

"शोध वं पोरी," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "वाढतं अंग हाये, मुद्दामच मोठी शिवली."