अस्वलालाही न उघडलेली पेटी

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, मित्रांनो. नाही बसला तरी चालेल. ज्यावर कुणाचाही सहज विश्वास बसतो, असलं काही सांगायला मला मुळी आवडतच नाही.

मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. होय, हीच. मागच्या गॅलरीतली, जिच्यात तुमच्या रॅकेटी, फुटके चेंडू आणि पंपाची तुटकी नळी पडलेली असते. माझ्या झाकणाला ना कडी, ना पट्टा. काठावर एक लाकडी ठोकळा स्क्रूने बसवलेला आहे, त्यामुळे झाकण कधीच पुरतं मिटत नाही. झोपेत तोंड उघडं राहिलेल्या म्हाताऱ्या बाईसारखी मी दिसते, हे मला ठाऊक आहे. हसा. पण तरुणपणी मी दुकानात काचेमागे दिव्याखाली उभी असायचे आणि माझ्यासमोर आलं की माणसं आवाज खाली आणून बोलायची.

माझा जन्म साच्यात झाला. प्लास्टिक वितळवून साच्यात घालतात आणि साचा गरागरा फिरवतात. मग दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत फेस भरतात, तो फुगून दगडासारखा घट्ट होतो. झाकणाच्या कडेने काळ्या रबराची पट्टी. समोर रबराचेच दोन जाड पट्टे, जोर लावून खाली ओढायचे आणि खाचेत अडकवायचे. एका बाजूला तळाशी पाणी सोडायचं भोक, अंगठ्याएवढं, त्याला आट्यांचं बूच. संपलं. एवढीच मी. मोठी म्हणाल तर बाहेरून बाकाएवढी. माझी सगळी किंमत त्या काळ्या पट्टीत होती. बाहेरची हवा आत नाही, आतली हवा बाहेर नाही.

माझी परीक्षा घ्यायला कारखान्यातल्या लोकांनी मला अस्वलापुढे टाकलं. माझ्या पोटात मध आणि मासे. अस्वलाने मला चावलं, लोळवलं, टेकडीवरून खाली ढकलून दिलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्यावर डोकं ठेवून रडलं. तिसऱ्या दिवशी त्याने नोकरी सोडली. खोटं वाटत असेल तर कोपऱ्यावरचा हा ओरखडा बघा.

पण हे अस्वल लक्षात ठेवा, मित्रांनो. जे अस्वलाला बाहेरून उघडलं नाही, ते पाच वर्षांच्या मुलीला आतून कसं उघडणार? हा प्रश्न दुकानात कुणी विचारला नाही. मलाही कधी पडला नव्हता.

मला विकत घेतलं भिंगरीच्या बाबांनी. भिंगरी म्हणजे ही, तुमच्यात उंबऱ्यावर बसलेली. आता आठ वर्षांची घोडी झाली आहे, तेव्हा पाचाची होती. मी सांगते त्यात तिळाएवढं खोटं निघालं, तर विचारा तिला.

तिचे बाबा दारांना कुलपं-कड्या बसवतात. त्यामुळे त्यांच्या हाताला एक खोड आहे. उघडी कडी दिसली की हात आपोआप जातो आणि ती लावतो. डोकं कुठे का असेना. पाहुणे अंघोळीला गेले तरी बाहेरून कडी लागायची, मग आतून हाका.

मी घरी आले तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राचा कपटा माझ्या झाकणात अडकवला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून म्हणाले, "ओढा. निघतो का बघा." निघायचा नाही, फाटायचा. भिंगरीच्या आत्याने दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाली, "दादा, कागद गार ठेवायला आणलीस होय ही?"

आत्याची स्वतःची एक पेटी होती. थर्माकोलची, एक कान तुटलेला, झाकण चिकटपट्टीने धरलेलं. मी तिच्याकडे पाहायचेसुद्धा नाही.

मग उन्हाळ्यात ही मंडळी तळ्याकाठी तंबूत राहायला गेली. बाबा, आई, आत्या आणि भिंगरी. तीन दिवस. ऊन म्हणाल तर असं, की तळ्यातले मासे एकमेकांच्या सावलीत पोहत होते. माझ्या पोटात बर्फ, दूध, अंडी आणि कलिंगड. मला उचलायला दोन माणसं लागायची आणि त्यातलं एक नेहमी कण्हायचं. बाबांनी नियम घातला होता, पेटी दिवसातून दोनदाच उघडायची.

"दादा, जरा गार पाणी दे रे."

"सहा वाजता उघडणार."

"तोवर माझं सुकट होईल."

"तुझी आहे ना पेटी? तिच्यातलं घे."

"तिच्यातलं तू आणि वहिनीने सकाळीच संपवलंत."

खरं होतं ते. आत्याच्या पेटीतला बर्फ दुपारीच संपायचा. मग ती फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवरून नवा आणायची, आणि सगळे तिचंच पाणी प्यायचे. माझ्यातला बर्फ तिसऱ्या दिवशीही शाबूत होता, कारण त्याला कुणी हात लावला नव्हता. बाबा तो सगळ्यांना दाखवायचे. बर्फ बघून तहान भागत असती, तर माझ्यासारखी पेटी जगात नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आवराआवर सुरू झाली. बाबांनी उरलेला बर्फ गवतावर ओतला, माझं बूच काढून पाणी सोडलं आणि बूच दगडावर ठेवलं. आईने मला आतून फडक्याने कोरडी केली. झाकण नुसतं टेकवलं, पट्टे लोंबत ठेवले. आणि भिंगरीने ते बूच उचललं. सपाट दगडावर फिरवलं की ते भोवऱ्यासारखं फिरतं, हा शोध तिला लागला होता.

थोड्या वेळाने बाबा बूच शोधू लागले. तंबूच्या पिशव्या उपसल्या, गवत चाळलं.

"वहिनी, दादाचं बूच हरवलंय. आता घरी येत नाही तो," आत्या म्हणाली.

"हस तू. तसलं बूच बाजारात मिळत नाही," बाबा म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने पुढे म्हणाले, "ज्याने घेतलं असेल ना, त्याला इथेच ठेवून जाणार आहे मी."

मोठ्या माणसांना कळतं की हे नुसतं बोलणं आहे. पाच वर्षांच्या पोरीला कळत नाही. भिंगरी तळ्याच्या काठाशी उभी होती, पायातल्या चपला काढून, बूच मुठीत घट्ट धरून. तिने तंबूंकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण ती ते पुटपुटतच आली. बाबा काहीही विसरतील, पण पेटी विसरणार नाहीत. पेटीत बसलं की घरी जाता येईल.

ती आत शिरली. गुडघे हनुवटीला लावले आणि झाकण स्वतःच ओढून घेतलं.

अंधार म्हणजे काय, ते तुम्हाला वाटतं तुम्हाला माहीत आहे. नाही माहीत. माझ्या आतला अंधार कारखान्यात मोजून केलेला असतो. त्यात फक्त एक उजेडाचा ठिपका होता, तळाशी, नाण्याएवढा. बुचाच्या भोकातून येणारा. ती गप्प बसली. ती मुद्दामच गप्प बसली होती.

बाबा तंबूच्या काठ्या खांद्यावर घेऊन माझ्याजवळून गेले. मान वळलेली, आत्याशी बोलणं चाललेलं. माझे पट्टे लोंबत होते. त्यांचा मोकळा हात खाली आला. एक पट्टा. दुसरा पट्टा. टक्. टक्. बोलणं तुटलंसुद्धा नाही.

मित्रांनो, मी अस्वलाला भ्याले नव्हते. त्या दोन आवाजांना भ्याले.

भिंगरीही ते ऐकून दचकली. तिने झाकण वर ढकललं. पाठीने रेटलं. मी हलले नाही. मला न हलण्यासाठीच बनवलं होतं. "बाबा," ती म्हणाली, आधी हळू, मग जोरात. ओरडली. माझ्या भिंतींनी तो आवाज गिळला, जसं त्या ऊन गिळतात. बाहेर पाच पावलांवर आत्या तंबूची घडी घालत होती आणि कसलंसं गाणं गुणगुणत होती. तिच्या कानाजवळून माशी गेली तर तिला ऐकू आली असती. पोटच्या पोरीसारखी भाची ऐकू आली नाही.

मग भिंगरीने भोकाला तोंड लावलं. तेवढीच हवा होती. ते बूच तिच्या मुठीत नसतं, जागच्या जागी बसलेलं असतं, तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली नसती. कुणालाच सांगितली नसती.

आणि एवढ्यात बाबा परत आले. हातात फडक्याची चिंधी.

"बूच नाही तर नाही. निदान मुंग्या तरी जायला नकोत आत," ते स्वतःशीच म्हणाले आणि चिंधी पिळून भोकात कोंबली.

ठिपका विझला.

चिंधी बाहेर आली. टपकन गवतात पडली. बाबांनी ती उचलली. "फुगतंय कापड," म्हणाले. पुन्हा कोंबली, आणि या वेळी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने आत ठोकली. मी जिवाच्या आकांताने ओरडले, नका, नका. पण पेटीचं ओरडणं माणसांना ऐकू येत नाही.

तेवढ्यात आई लांबून आली. "अहो, भिंगरी तुमच्याजवळ आहे ना?"

"नाही. ती आत्याजवळ आहे."

"माझ्याजवळ कुठली? मला वाटलं, वहिनीबरोबर आहे," आत्या म्हणाली.

मग आईला काठावर चपला दिसल्या. एक सरळ, एक उलटी. पाण्यापासून हातभर.

तिघंही पळाले. मला तिथेच टाकून पळाले. बाबा अंगावरच्या कपड्यांनिशी तळ्यात शिरले, छातीपर्यंत पाणी, हातांनी खालचा गाळ चाचपत. आई नुसती हाका मारत होती, "भिंगरे, ए भिंगरे," आणि प्रत्येक हाकेला माझ्या आतून ओ येत होती. रोजच्यासारखी. "आले." मग बारीक आवाजात, "आले." मग नुसते ओठ हलले. ती घामाने चिंब झाली होती. श्वास भराभर चालला होता, मांजराच्या पिल्लासारखा. मला माझ्या काळ्या रबराच्या पट्टीची किळस आली. कुठे एखादी भेग असावी, म्हणून मी माझं सगळं अंग चाचपलं. कुठेही भेग नव्हती. इतकी चांगली बनवली होती मला.

आणि आता ऐका. यावरच तुमचा विश्वास बसणार नाही. मी माझ्या दोन्ही भिंती आत ओढल्या, पोट आवळलं, आणि आयुष्यात कुठल्याही पेटीने मारली नसेल अशी एक फुंकर मारली. चिंधी बंदुकीच्या गोळीसारखी उडाली आणि झाडाला आपटून खाली पडली. भोकातून उजेड आत आला, हवा आत आली.

आत्या दोरी घ्यायला परत धावत आली होती. दोरी माझ्या शेजारीच होती. ती वाकली आणि तशीच राहिली. माझ्या भोकातून एक बोट बाहेर आलं होतं. तिने पट्टे धरले. तीन दिवसांत तिला ते एकदाही उघडले नव्हते, नेहमी म्हणायची, "दादा, तुझी तिजोरी तूच उघड." त्या दिवशी तिचं नख मुळापासून तुटलं, पण पट्टे सुटले.

भिंगरी उजेडाकडे डोळे किलकिले करून बघत होती. तिने मूठ पुढे केली, उघडली. बूच तिच्या तळव्यात रुतलेलं.

"घ्या," ती म्हणाली. "मला इथे ठेवून जाऊ नका."

बाबा पाण्याने निथळत आले. ते तिला रागावले नाहीत. तिला जवळही घेता येईना त्यांना. आईने घेतलं. बाबा जमिनीवर बसले, मग उठून हत्यारांच्या पिशवीतून सुरी काढली आणि माझे दोन्ही पट्टे मुळापासून कापून टाकले. घरी आल्यावर ठोकळा बसवला. वर्षानुवर्षं कुलपं बसवणाऱ्या माणसाने कुलूप लागूच नये म्हणून केलेलं ते एकमेव काम.

तुम्ही विचाराल, सहलीला जाताना एवढी महागडी पेटी घ्यावी का? रानात आठ-आठ दिवस राहणार असाल, जिथे बर्फ मिळत नाही, तिथे घ्या, मी नाही म्हणणार नाही. तीन दिवस तळ्याकाठी, फाटकाशी टपरी असताना, आत्याची थर्माकोलची पुरते. तिच्यावर कुणी बसलं तरी ती मोडते, आणि आत कुणी शिरलं तर नुसत्या पाठीने झाकण उडतं. हे मी म्हटल्याचं बाबांना सांगू नका. पण पेटी कुठलीही आणा, ती रिकामी झाली की झाकण काढून ठेवा, पट्टे उघडे ठेवा, आणि लावण्याआधी आत बघा. हाताने नाही, डोळ्यांनी बघा. आणि लहान पोराला ठेवून जायची गंमत करू नका. ते खरं मानतं.

मला मात्र तुम्ही यापुढे नीट पुसत चला. रॅकेटी हळू टाका. शेवटी जीव वाचवलेली पेटी आहे मी. ती फुंकर मारली नसती, तर आज ही पोर उंबऱ्यावर बसून माझं ऐकत नसती. काय गं भिंगरे? सांग ना यांना. हिला विचारा, मित्रांनो, हिला विचारा.

भिंगरी उठून माझ्याजवळ आली. झाकणाला तिने हात लावला नाही.

"खोटं बोलतेस," ती म्हणाली. "ती चिंधी मी ढकलली. दोन्ही वेळा, बोटाने. तू नुसती बंद होतीस."