तळे डोक्यावर उभे राहिले ते वर्ष

मित्रांनो, मी एक जुने फावडे आहे. माझे पाते झिजून आता तळहाताएवढे उरले आहे. पण १९६० साली, चिली देशाच्या दक्षिणेला, हजारो माणसांचा जीव ज्या फावड्यांवर टांगलेला होता, त्यांतले मी एक. त्या एका वर्षाचीच गोष्ट सांगतो. माझी बाकीची वर्षे बटाट्यांत गेली.

एका लोहाराने मला ट्रकच्या मोडक्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवले. दांडा लुमा झाडाचा, इतका जड की पाण्यात टाकला तर बुडावा. मला विकत घेतले बेलार्मिनोने. सान पेद्रो नदीच्या खोऱ्यात तो बटाटे लावायचा. बायको एदेल्मिरा टेकडीवरच्या घरात, तर सासू क्लोरिंदा खाली, अगदी नदीला लागून राहायची. जावई चर खणू लागला की ती कुंपणाशी येऊन उभी राहायची.

“काय जावईबापू, चर खणताय की साप काढताय? केवढा वाकडा!”

“पाणी वाकडंच वाहतं, सासूबाई.”

“फावडं बिचारं चांगलं आहे. नशीबच फुटकं त्याचं.”

मित्रांनो, माझे एवढे कौतुक दुसऱ्या कोणीच केले नाही.

मे महिन्यात एका रविवारी दुपारी जमीन हलली. बेलार्मिनोला उभे राहवेना. तो गवत मुठीत धरून आडवा पडला, आणि मी मातीत रोवलेला खुळखुळ्यासारखा थरथरत राहिलो. घरे पडली, माणसे गेली. क्लोरिंदाचे लाकडी घर तेवढे तिरके होऊन उभे राहिले.

मग लोकांना दिसले की नदीत पाणीच नाही. वर रिन्यीवे तळ्याच्या तोंडाशी डोंगर कोसळून नदी अडली होती. तळे रोज चढत होते. तो मातीचा बांध एकदम फुटला असता, तर आमच्या खोऱ्यापासून वाल्दिव्हिया शहरापर्यंत काही उरले नसते. त्याआधीच बांध खणून उतरवायचा आणि पाणी बेताने सोडायचे, असे ठरले. मोठी यंत्रे आली आणि पोटापर्यंत चिखलात रुतली. तेव्हा हाक आली फावड्यांना.

निघताना बेलार्मिनो सासूकडे गेला. “सासूबाई, एदेल्मिराकडे टेकडीवर जाऊन राहा.”

“एकोणपन्नास वर्षं इथे काढली मी. नदी मला ओळखते.”

“नदी ओळखत असेल. तळं नाही ओळखत.”

“जा, जा. उशीर होतोय तुम्हाला.”

तो हसला, पण वाटेत दोनदा मागे वळला. कारण नदीकाठची सगळी म्हातारी माणसे एकच म्हणत होती, “क्लोरिंदा हलत नाही, तर आम्ही का हलावं?”

वर बांधावर नुसता पाऊस आणि चिकणमाती. माती पात्याला अशी चिकटायची की ती काठीने खरवडावी लागे. खालच्याने वरच्याकडे फेकायची, त्याने त्याच्या वरच्याकडे. माझी कड रोज थोडी झिजत होती. बेलार्मिनोचे तळवे फुटले, पण त्याने मला खाली ठेवले नाही.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, टोपली घेऊन क्लोरिंदा बांधावर चढताना दिसली. टोपलीत राखेत भाजलेली भाकरी आणि लोकरीचे मोजे होते.

“तीन आठवडे एकाच मोज्यांवर! लाज नाही वाटत...”

तिची नजर बांधापलीकडे गेली. एका हाताला खोल खाली कोरडी नदी, दुसऱ्या हाताला क्षितिजापर्यंत भरलेले तळे, आणि मध्ये मुंग्यांसारखी माणसे.

“हे सगळं माझ्या घराच्या वर आहे?”

“हो, सासूबाई.”

तिने टोपली खाली ठेवली. मग तिने मला त्याच्या हातातून घेतले आणि तीन फावडी माती उचलून वर फेकली.

“एदेल्मिराला निरोप धाडा, उद्या बैलगाडी पाठव म्हणावं. कोंबड्या सात आहेत. आणि मोजे आत्ता बदला, माझ्यासमोर.”

उतरल्यावर ती नदीकाठी दारोदार फिरली. चार दिवसांत काठ रिकामा झाला.

जुलैच्या शेवटी आम्ही खणलेल्या वाटेने पाणी सुटले. आधी घोट्याएवढे, मग कित्येक दिवस नुसती गर्जना. टेकडीवरून आम्ही पाहिले, क्लोरिंदाचे घर उचलले गेले, एकदा वळले आणि गेले. त्या पाण्यात माणूस मात्र आमच्या खोऱ्यातला एकही गेला नाही.

ती रडली नाही. म्हणाली, “जावईबापू, हात दाखवा.”

तिने ते फुटलेले तळवे आपल्या शालीत गुंडाळले. “महिनाभर चमचासुद्धा उचलायचा नाही. मी भरवीन.”

“लोक हसतील, सासूबाई.”

“हसू देत. जिवंत आहेत म्हणून हसतायत.”

मित्रांनो, आता ती दोघेही नाहीत. शेतात ट्रॅक्टर आला आहे आणि मी कोठाराच्या मागे भिंतीला टेकून असतो. पूर्वी मुले मला हात लावायला यायची, आता पावसाळ्यातली ओल तेवढी येते. काम करून झिजलो त्याचे मला दुःख नाही. पण अंगावरच्या मातीसकट पडून राहिलो की गंज आतपर्यंत खातो. तुमच्या घरामागेही एखादे फावडे चिखलाने माखून पडले असेल. हे पुस्तक मिटा, आणि आधी ते धुऊन, कोरडे पुसून या.