बाबांचं मेण

जंगल हिरवंगार होतं, आणि वाळत होती ती नेमकी बिल्ले ठोकलेली झाडं. म्हणजे बाबांची, संशोधनासाठी निवडून त्यांनी हयातभर पोटच्या पोरांसारखी जपलेली. खरं तर पोटच्या पोरांचे एवढे लाड झालेच नव्हते. आता बाबा अंथरुणाला खिळले होते, आणि त्यांच्याच संस्थेत त्यांचंच काम पुढे रेटणारी लेक घरी आली की रोज विचारायचे, "कशानं मरतायत, कळलं का गं?"

झाडाचं वय मोजायला खोडात पोकळ गिरमिट फिरवून लाकडाची बारीक कांडी काढतात. लेकीनं एक मेलेलं झाड कापून पाहिलं. काळा डाग गिरमिटाच्या भोकापासूनच आत पसरला होता.

"शक्यच नाही," ती संस्थेतल्या बुरशीतज्ज्ञ बाईंना म्हणाली. "बाबा प्रत्येक झाडानंतर गिरमिट स्पिरिटनं पुसायचे. मी एकदा विसरले तर सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली होती."

बाई तोंडाच्या फटकळ, पण कामाला वाघ. "आणि पुसल्यावर?"

"मेण लावायचे. गिरमिट खोडात अडकू नये म्हणून."

"दर वेळी नवं?"

कसलं नवं! बाबांचा मेणाचा गोळा म्हणजे संस्थेतलं दैवत. झिजला की ते त्यातच नवं मेण मळायचे, पण जुनं कधी टाकलं नाही. शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातावर त्यातला एक तुकडा ठेवायचे. पुसून लख्ख केलेलं गिरमिट दर झाडाला त्याच गोळ्यावर घासलं जात होतं, आणि इतक्या शहाण्यासुरत्या माणसांत हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तिनं पिशवीतून आपला तुकडा काढून दिला. बाईंनी त्याचा कीस काचेच्या बशीत ठेवला. काही दिवसांत बशीभर काळी बुरशी तरारली.

हाच तुकडा घेऊन ती गेल्या वर्षी टेकडीवरच्या झाडांना भोकं पाडून आली होती. तिथं अजून एकही पान सुकलं नव्हतं. ती प्रयोगशाळेतच ओक्साबोक्शी रडली.

"रडून घे," बाई म्हणाल्या. "मग घरी जा आणि विचार, हे मेण आणखी कुणाकुणाकडे आहे. ती जंगलं कदाचित अजून वाचतील."

घरी भावानं तिला दारातच अडवलं. "ताई, त्यांना सांगू नकोस. थोडे दिवस उरलेत, सुखानं जाऊ दे त्यांना."

तिलाही तेच हवं होतं. पण विद्यार्थ्यांची यादी कुठंच नव्हती. ती होती फक्त बाबांच्या डोक्यात, आणि तेही आता फार दिवस साथ देणार नव्हतं.

ती पलंगाच्या कडेला बसली. "बाबा, कळलं. मेणातून बुरशी गेली."

त्यांनी नजर छताकडे वळवली. "म्हणजे मीच."

"आपण," ती म्हणाली. "बाबा, तुकडे कुणाकुणाला दिले होते?"

बाबांनी डोळे मिटले. मग अंगठ्यानं एकेक बोट दाबत ते हलक्या आवाजात सांगू लागले, कोण विद्यार्थी, कुठल्या जंगलात. ती लिहून घेत होती. एका हाताची बोटं संपली, तेव्हा त्यांनी पांघरुणातून दुसरा हात बाहेर काढला.